अप्रेंटिसशिप चालू असताना लढाईचं बोलावणं आलं तर शिकलेलं वाया जातं का?

भोसरीच्या एका मामांनी विचारलंय. त्यांचा भाचा आयटीआय फिटर पास, सध्या चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस, आणि शिवाय टेरिटोरियल आर्मीत (टीए, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून बोलावलं की जायचं ती राखीव फौज) भरती झालेला. मे २०२५ मधे सरकारने टीएला बोलवायचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियनांचं नाव त्या आदेशात आलं, तेव्हापासून घरात धाकधूक आहे. उद्या बोलावलं तर अप्रेंटिसशिपचं काय होणार, परत पहिल्यापासून करायची का, आणि महायुद्धांच्या वेळी विलायतेत अशी हजारो पोरं मधेच उचलली त्यांचं पुढे काय झालं, असे त्यांचे दोन प्रश्न.

माझी सगळी नोकरी पिंपरी पट्ट्यात अप्रेंटिस पोरांना शिकवण्यात गेली, शेवटची बरीच वर्षं ट्रेनिंग सेक्शन सांभाळला, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अशा वेळी सगळे फक्त महिने मोजत बसतात, किती झाले किती राहिले. पण इथे तीन वेगवेगळे हिशोब असतात. एक शिकायचे दिवस, दुसरा पैसा, तिसरी सिनियॉरिटी. तिन्ही एकात कालवले की पोराचं वाटोळं होतं, कारण मग एकतर त्याला न शिकलेल्या कामाचं सर्टिफिकेट मिळतं नाहीतर तेवीस-चोवीस वर्षांचा घोडा झाल्यावर सोळा वर्षाच्या पोराच्या पैशात राबावं लागतं. जिथे जिथे हे तीन हिशोब वेगळे ठेवले तिथे पोरं सावरली, असं माझं सरळ मत आहे.

आता विलायतेचं. तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात चौदा ते सोळाव्या वर्षी पोरगं कारखान्यात किंवा मिस्त्रीकडे चिकटायचं, लेखी करार व्हायचा, आणि एकवीस पूर्ण झाले की पूर्ण कारागीर. जानेवारी १९१६ मधे सक्तीच्या भरतीचा कायदा आला तो सुरुवातीला अविवाहित पुरुषांसाठी, वय १८ ते ४१. म्हणजे बघा, अठरा म्हणजे बरोब्बर अप्रेंटिसशिपच्या मध्यावर घाव. त्याच्या आधी हौसेने गेलेली पोरं वेगळीच. कुशल कारागिरांना कारखान्यात ठेवायचं असं सरकारचं धोरण होतं पण भरतीवाल्यांना आकडे भरायचे असायचे, तिथे कोण विचारतो. नोव्हेंबर १९१६ मधे शेफील्डला व्हिकर्स कारखान्यातल्या लेनर्ड हारग्रीव्ह्ज नावाच्या एका फिटरला असंच नेलं, तर सगळ्या शेफील्डच्या इंजिनियरिंग कामगारांनी काम बंद पाडलं आणि सरकारला तो माणूस परत आणावा लागला. एका फिटरसाठी! त्यानंतर युनियनने आपल्या कुशल माणसांना सूट-कार्डं द्यायची अशी पद्धत निघाली, ती पण १९१७ मधे गुंडाळली.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे आहे. पोरं खंदकात असताना इकडे कारखान्यात काम बदललं होतं. पूर्वी एक कारागीर जे अख्खं काम करायचा त्याचे तुकडे पाडून अर्धकुशल माणसं आणि बायका यांना मशीनवर बसवलं, कारण तोफगोळे लाखांनी पाहिजे होते. १९१९ मधे अप्रेंटिस परत आला तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस, करारातली दोन-तीन वर्षं अजून बाकी, हातात शिकाऊचा पगार, आणि शेजारच्या कॅपस्टन लेथवर काहीच महिन्यांत तयार झालेला माणूस त्याच्यापेक्षा जास्त घेऊन घरी जातोय. लग्नाचं वय, काहींची तर लग्नं झालेली. कोण थांबेल? म्हणून सरकारने खंडित अप्रेंटिसशिपची योजना काढली, मालकाला अनुदान द्यायचं म्हणजे या पोरांना बऱ्यापैकी पगार देता येईल, आणि राहिलेला काळ कमी करून ट्रेनिंग पूर्ण करून घ्यायचं. कल्पना चांगलीच होती. पण नशीब बघा, १९२० च्या अखेरीस मंदी आली, १९२२ मधे इंजिनियरिंग मालकांनी टाळेबंदी केली ती काही महिने चालली, आणि यातली कितीतरी पोरं कारागीर झाली ती थेट बेकारीच्या रांगेत.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज शहाणे झाले होते. युद्ध सुरू व्हायच्या आधीच राखीव धंद्यांची यादी तयार होती, इंजिनियरिंगच्या अप्रेंटिसांना बऱ्याच प्रमाणात मुदतवाढ मिळायची, आणि १९४४ मधे कायदाच केला की सैन्यातून परतलेल्याला जुन्या मालकाने कामावर घ्यायचं. यातला एक किस्सा मात्र फार लोकांना माहीत नसतो. डिसेंबर १९४३ मधे कामगार मंत्री अर्नेस्ट बेव्हिनने चिठ्ठी काढायची पद्धत आणली, भरतीच्या नंबरचा शेवटचा आकडा निघाला की त्या पोराने सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत उतरायचं. आता टाईन नदीकाठी जहाजबांधणीच्या गोद्या, तिथली अप्रेंटिस पोरं भडकली, आम्ही जहाजं बांधायला शिकतोय आणि तुम्ही आम्हाला कोळसा खणायला लावताय, आणि मार्च १९४४ मधे, ऐन लढाईत, त्यांनी संप केला. सैन्यात जाणाऱ्याला निदान मान तरी मिळायचा, यांची अप्रेंटिसशिपही जाणार आणि अंगावर वर्दीही नाही.

लढाई संपल्यावर तिथे नॅशनल सर्व्हिस म्हणून सक्तीची भरती चालू राहिली, १९४९ पासून दीड वर्ष आणि पुढे कोरियाच्या लढाईमुळे दोन वर्षं. त्यात अप्रेंटिसला आधी ट्रेनिंग पूर्ण करायची मुभा होती, मग एकविसाव्या वर्षी जायचं. मालक कुरकुरायचे की पोरगं तयार झालं की निघालं. पण शिकवणाऱ्याच्या नजरेने मला हीच पद्धत सगळ्यात बरी वाटते, कारण हात एकदा पूर्ण बसला की दोन वर्षांनी परत येतो, अर्धवट बसलेला हात मात्र येत नाही. यावर पुढे सांगतो.

अमेरिकेचं वेगळं आहे, तिथे सिनियॉरिटी म्हणजे जीव की प्राण. १९४६ च्या फिशगोल्ड निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिनियॉरिटीला सरकत्या जिन्याची उपमा दिली, सैनिक परत येतो तो उतरला होता त्या पायरीवर येत नाही, जिना दरम्यान जिथवर गेला असता तिथे येतो. ऐकायला झकास, पण अप्रेंटिसचं काय? तो तर अजून कारागीर झालेलाच नाही. हा गुंता १९६४ मधे टिल्टन नावाच्या खटल्यात सुटला. रेल्वेत डबे दुरुस्त करणारे हेल्पर होते, त्यांना १,०४० दिवस काम करून कारागिराचा दर्जा मिळायचा, ते दिवस भरायच्या आधीच सैन्यात गेले. परत येऊन त्यांनी राहिलेले दिवस भरले. रेल्वे म्हणाली आता दिवस पूर्ण झाले ना, मग सिनियॉरिटी आजपासून. मधल्या काळात त्यांच्या मागून आलेले पुढे गेलेले. कोर्ट म्हणालं, तसं नाही, सैन्यात गेले नसते तर ज्या तारखेला पूर्ण झाले असते त्या तारखेपासून धरा. हे बारकाईने बघा हं. कोर्टाने त्यांना एकही दिवस फुकट दिला नाही, काम करूनच दिवस भरावे लागले, फक्त तारीख मागे नेली. शिकणं वेगळं, सिनियॉरिटी वेगळी. मला हा निकाल फार आवडतो, कोणी तरी वर्कशॉपमधे उभं राहून विचार केल्यासारखा आहे.

पैशाचा हिशोब पण त्यांनी वेगळा ठेवला. १९४४ च्या जीआय बिलात, म्हणजे परतलेल्या सैनिकांना मदत करायच्या कायद्यात, कॉलेजबरोबर अप्रेंटिसशिपलाही मदत होती, लोकांना कॉलेजचंच माहीत असतं. आत्ताच्या त्यांच्या नियमात माजी सैनिक अप्रेंटिस झाला तर घरभाड्याचा भत्ता पहिले सहा महिने पूर्ण, मग दर सहा महिन्यांनी ८०, ६०, ४० आणि शेवटी २० टक्के, कारण तोवर कंपनीचा पगार वाढत जातो अशी बेरीज. जर्मनीने १९५७ च्या कायद्यात सरळच लिहिलं की सैन्यातला काळ ट्रेनिंगमधे धरायचा नाही, पण सैन्यात जावं लागतंय म्हणून मालकाने ट्रेनिंगनंतर कायम करायचं नाकारायचं नाही. जर्मनांचं काम जर्मनांसारखं.

आता आपल्याकडे. आपल्याकडे भारतीयांवर सक्तीची भरती कधी झालीच नाही, दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांचं सैन्य होतं ते सगळं स्वेच्छेचं. पण त्या लढाईसाठी फिटर, टर्नर, वेल्डर कमी पडायला लागले म्हणून सरकारने घाईघाईत ट्रेनिंग सेंटरं काढली, आणि लढाई संपत आली तेव्हा जुलै १९४५ मधे पुनर्वसन आणि रोजगाराचं एक खातं काढलं, सैन्यातून सुटलेली आणि युद्धाच्या कारखान्यांतून कमी केलेली माणसं परत कामाला लावायला. पुढे फाळणीनंतर निर्वासितांचं काम त्याच्याकडे आलं, आणि १९५० मधे सगळ्यांसाठी कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तुमचा भाचा ज्या आयटीआयमधून पास झाला ना, ती सगळी व्यवस्था याच मुळातून आलेली आहे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजही तिथलंच.

भाच्याच्या केसला कायदे दोन लागतात. एक टेरिटोरियल आर्मी कायदा १९४८, त्यात कलम ७ए आहे. मालकाने सेवा संपल्यावर माणसाला परत घ्यायचं, आणि तो गेला नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या त्याच्यापेक्षा कमी नाही अशा अटींवर. म्हणजे अमेरिकेचा सरकता जिना आपल्याकडे पण आहे, फक्त कोणी वाचत नाही. दुसरा शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१. त्यात कलम १८ म्हणतं की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. एचआरवाले पहिल्यांदा हेच कलम दाखवतील. आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायची सक्ती कंपनीवर तशीही नाही, त्यामुळे ७ए वर फार भिस्त ठेवून बसू नका, एका वर्षाच्या कराराला परत घेतलं तरी वर्ष संपलं की विषय संपतो.

भाच्याच्या खऱ्या कामाची तरतूद शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत आहे. आजारपण किंवा हाताबाहेरच्या कारणाने कोर्स पूर्ण करता आला नाही किंवा शेवटची परीक्षा देता आली नाही तर मुदत वाढवून द्यायची, कोर्स पूर्ण होऊन पुढची परीक्षा होईपर्यंत. टीएचा बोलावण्याचा लेखी आदेश याच्यापेक्षा हाताबाहेरचं कारण दुसरं कुठलं असणार? म्हणजे पहिल्यापासून करायला लागत नाही. पण हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. कंपनीला सगळ्यात सोपं काय, तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर करार टर्मिनेट करून टाकायचा आणि जागी दुसरं पोरगं घ्यायचं. ते होऊ द्यायचं नाही. जायच्या आधीच आदेशाची प्रत जोडून कंपनीला मुदतवाढीचं पत्र द्या, पोचेची सही घ्या, आणि त्याच पत्राची प्रत बीटीआरआयला, म्हणजे अप्रेंटिसांच्या सरकारी ट्रेनिंग केंद्रात, अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे द्या, कारण करार तोडायचा असेल तर तो मार्ग त्यांच्याकडूनच जातो.

इथे एक फरक सांगतो, कारण अग्निवीरवाल्या पोरांचे पालक पण हाच प्रश्न विचारतात. टीएतल्या पोराला बोलावलं जातं. अग्निवीर अर्धी अप्रेंटिसशिप टाकून स्वतः भरतीला जातो, त्याला हाताबाहेरचं कारण म्हणता येत नाही, तिथे करार मोडला असंच धरतात, आणि उमेदवाराने करार मोडला तर ट्रेनिंगचा खर्च मागायची तरतूद कायद्यात आहे. अशा पोरांना माझा सल्ला सरळ असतो, वयात बसत असेल तर आधी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घे मग जा. पैशाचा मोह मला कळतो हो, २०१९ च्या नियमांत आयटीआय पास अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड ७,००० होता आणि अग्निवीरला पहिल्याच वर्षी महिना ३०,००० चं पॅकेज, मग पोरगं कशाला थांबतंय. पण चार वर्षांनी चारातले तीन परत येणार, तेव्हा हातात काही तरी कागद पाहिजे.

कागदाचं महत्त्व मला आमच्या शॉपमधल्या एका फौजी मिस्त्रींमुळे कळलं. १९६२ च्या लढाईनंतर आयटीआय अर्धवट सोडून ते ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, गेलेले, लढाई बघितलेले, गाडीचं इंजिन डोळे मिटून खोलायचे. बाहेर आले तर एका कारखान्याने त्यांना हेल्पर म्हणून घेतलं, कारण आयटीआयचा कागद नाही आणि फौजेच्या ट्रेड टेस्टला तिथे कोणी विचारेना. कारागिराच्या ग्रेडला यायला त्यांची निम्मी नोकरी गेली. आणि बिघाड शोधायचा झाला की सगळे त्यांच्याचकडे धावायचे. एकदा हायड्रॉलिक प्रेस मधेच अडखळायला लागला, मेंटेनन्सची पोरं व्हॉल्व्ह खोलून बसलेली, यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर पंपाच्या बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली, दोन जागी ऐकलं आणि म्हणाले व्हॉल्व्ह बंद करा, मोटरकडचं बेअरिंग गेलंय. खोललं तर तेच.

पण त्याच माणसाला मी फाईल मारताना बघितलंय आणि तिथे फौजेची सवय दिसायची. फौजेत गाडी पहाटेपर्यंत हलली पाहिजे हे महत्त्वाचं, शॉपमधे दोन शतांश मिलिमीटर महत्त्वाचे. मोठा खंड पडून आलेल्या पोराची मी परीक्षा घ्यायचो ती साधी. एमएसचे म्हणजे साध्या पोलादाचे दोन फ्लॅट द्यायचे, एकात चौकोनी खाच, दुसऱ्याला तसाच चौकोनी दात, मेल-फिमेल फिटिंग म्हणतात ते, चारी बाजूंनी उलटसुलट बसलं पाहिजे आणि उजेडाकडे धरलं की फटीतला उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. खंड पडलेलं पोरगं काय करतं, पहिल्याच तासात बास्टर्ड म्हणजे जाड दात्यांच्या फाईलने भराभर माल काढतं, फाईल झोपाळ्यासारखी वरखाली होते, कडा पडतात आणि मधे पोट राहतं. ट्राय स्क्वेअर म्हणजे गुण्या लावला की दोन्ही टोकांना उजेड. मग घाबरून स्मूथ फाईल घेतं, पोट घालवता घालवता माप खाली जातं, जॉब गेला.

हे काही आठवड्यांत सुटतं, हात परत बसतो, त्याची काळजी करू नका. ड्रॉइंग वाचणं आणि लिमिट-फिट, म्हणजे भोकात दांडा किती घट्ट-सैल बसायचा ते माप, मात्र आपोआप येत नाही. होलवर एच७ लिहिलंय आणि शाफ्टवर जी६, तर किती मोकळं पाहिजे हे टेबल बघून काढायची सवय गेली की पोरगं अंदाजाने काम करायला लागतं, आणि अर्धवट शिकलेल्याची तर ती सवय लागलेलीच नसते. मगाशी अर्धवट हाताचं म्हणालो ते हेच. म्हणून परत आल्यावर पहिले महिने त्याला प्रॉडक्शनवर टाकू नका, असं मी प्रत्येक कंपनीला सांगत आलोय. होतं काय, चांगला मोठा, शिस्तीचा, वेळेवर येणारा पोरगा दिसला की सुपरवायझर त्याला लगेच लाईनला उभा करतो, रोज एकच बोल्ट आवळायला, आणि कागदावर ट्रेनिंग चालू. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात हेच झालं होतं आणि चाकणला आजही होतंय.

मामा, तुम्ही भाच्याकडून आत्ताच एवढं करून घ्या. लॉगबुक दर आठवड्याला भरून सही घेत जायची, महिन्याचं एकदम नको, कारण बोलावणं आलं की सही करणारा माणूस त्या दिवशी रजेवर असतो. कुठली ऑपरेशन्स झाली आणि कुठली राहिली हे एका कागदावर इन्स्ट्रक्टरच्या सहीने घ्यायचं, ड्रिलिंग, टॅपिंग, स्क्रेपिंग असं नावानिशी, परत आल्यावर तिथून सुरू करता येतं आणि कोणी पहिल्यापासून कर म्हणालं तर दाखवता येतं. टीएत असताना वर्कशॉपचं काम मिळालं तर युनिटकडून त्याचा लेखी दाखला घ्यायचा, तो ट्रेनिंगच्या दिवसांत धरला जाणार नाही, पण पुढे नोकरीच्या वेळी कामाला येतो. पुण्यात १०१ इन्फंट्री बटालियन टीए आहे, मराठा लाईट इन्फंट्रीची, भाचा तिथलाच असेल तर युनिटच्या ऑफिसातून मालकाला द्यायचं पत्र मागून घ्या, फौजेच्या लेटरहेडवरचं पत्र बघितलं की एचआरचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

आणि जायच्या दिवशी इश्यू केलेली हत्यारं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, टूलबॉक्सची चावी सगळं स्टोअरला जमा करून पावती घ्यायला सांगा, नाहीतर परत आल्यावर पहिल्याच स्टायपेंडमधून मायक्रोमीटरचे पैसे कापलेले दिसतात.